हायड्रोजन पेरॉक्साइड : पाण्याच्या तुलनेत भौतिक गुणधर्म

हायड्रोजन पेरॉक्साइड हे पाण्याचे सर्वांत जवळचे रासायनिक भावंड. दोन्ही संयुगे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोनच मूलद्रव्यांची बनलेली आहेत. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो, तर याच्या रेणूत एकमेकांना जोडलेले दोन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-जाक तेनार याने १८१८ मध्ये बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून ते प्रथम मिळवले. औषधाच्या दुकानातील बाटलीत असते ते पाण्यातील सुमारे ३ टक्क्यांचे द्रावण. ते दिसायला आणि ओतायला पाण्यासारखेच असते, कारण त्यात बहुतांश पाणीच असते. खरा फरक कळतो तो शुद्ध द्रवाशी तुलना केल्यावर.

शुद्ध हायड्रोजन पेरॉक्साइड फिकट निळसर असते. पाण्यालाही जाड थरात अंगची निळी छटा असते. हे द्रव पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते.

दोघांचा गोठणबिंदू जवळपास एकच आहे : पाण्याचा ०° से., पेरॉक्साइडचा उणे ०.४३° से. उत्कलनबिंदू मात्र फार दूर आहेत. पाणी १००° से.ला उकळते, तर पेरॉक्साइडचा उत्कलनबिंदू सुमारे १५०° से. मानला जातो. हा आकडा प्रत्यक्ष उकळून काढलेला नाही. तेवढे तापवल्यास द्रवाचे स्फोटक विघटन होऊ शकते, म्हणून कमी तापमानांच्या बाष्पदाबांवरून (द्रवाच्या वाफेच्या दाबांवरून) तो गणिताने काढतात. गोठणबिंदूंच्या जवळिकीवरून दोन्ही द्रव्ये सारखी समजणे चुकीचे ठरेल. घन अवस्थेत ती अगदी वेगळी वागतात.

पाणी गोठताना प्रसरण पावते. बर्फात रेणूंची जाळीदार, पोकळ रचना तयार होते, त्याची घनता ०.९२ ग्रॅम प्रति घन सेंमी. असते, आणि म्हणून बर्फ तरंगतो. पेरॉक्साइड गोठताना आकसते. त्याच्या स्फटिकांची घनता १.६च्या वर, तर द्रवाची २०° से.ला १.४५, त्यामुळे त्याचे स्फटिक स्वतःच्याच द्रवात बुडतात. तसे पाहता गोठताना आकसणे हीच बहुसंख्य पदार्थांची रीत आहे. पाणीच तिला अपवाद आहे, हे अशा तुलनेतून ठसठशीतपणे दिसते.

घनतेचा थोडा हिशेब करण्यासारखा आहे. पाण्याच्या एका मोलचे (म्हणजे रेणूंच्या एका ठराविक मोठ्या संख्येचे) वस्तुमान १८ ग्रॅम आणि आकारमान सुमारे १८ घन सेंमी.; पेरॉक्साइडच्या एका मोलचे वस्तुमान ३४ ग्रॅम, पण आकारमान साडेतेवीस घन सेंमी.च. म्हणजे दर मोलला १६ ग्रॅम ऑक्सिजन वाढूनही जागा जेमतेम साडेपाच घन सेंमी. जास्त लागते. कमी जागेत जास्त ऑक्सिजन, तोही नेहमीच्या तापमानाला द्रवरूपात, यामुळे अतिसंहत (फार कमी पाणी असलेले) पेरॉक्साइड रॉकेटसाठी उपयोगी पडले. १९७१ मध्ये ‘प्रॉस्पेरो’ उपग्रह कक्षेत नेणाऱ्या ब्रिटिश ‘ब्लॅक ॲरो’ रॉकेटमध्ये केरोसीनसोबत तेच ऑक्सिडीकारक (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य) होते.

बाकीच्या फरकांचे मूळ रेणूच्या आकारात आहे. पाण्याचा रेणू १०४.५° कोनात वाकलेला, पण सपाट असतो. पेरॉक्साइडचा रेणू पिळलेला असतो. अर्धवट उघडलेले पुस्तक डोळ्यांसमोर आणावे : कण्यावर ऑक्सिजनचे दोन अणू आणि दोन पानांवर हायड्रोजनचा एकेक अणू. वायुरूपात या पानांमधला कोन सुमारे १११° असतो, तर स्फटिकात शेजारच्या रेणूंमधील हायड्रोजन बंधांच्या ओढीने तो ९०° च्या आसपास येतो. या पिळामुळे रेणू बराच ध्रुवीय राहतो, म्हणजे त्याची एक बाजू किंचित धन व दुसरी किंचित ऋण विद्युतभाराची असते. त्याचे द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे या ध्रुवीयतेचे माप, सुमारे २.२६ डिबाय आहे, पाण्याचे १.८५. रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, म्हणून पृष्ठताण पाण्याहून अधिक (२०° से.ला सुमारे ८०, पाण्याचा ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर), श्यानता (द्रवाचा दाटपणा) सुमारे पाव पटीने जास्त आणि बाष्पदाब बराच कमी असतो. अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १.४१ च्या जवळ आहे, पाण्याचा १.३३, त्यामुळे घनता किंवा अपवर्तनांक मोजून द्रावणाच्या तीव्रतेचा अंदाज घेता येतो.

उष्णतेच्या बाबतीत पाणी वरचढ आहे. एक ग्रॅम पाणी १° ने तापवायला ४.१८ जूल लागतात, पेरॉक्साइडला सुमारे २.६. एक ग्रॅम पेरॉक्साइडची वाफ करायला साधारण १.५ किलोजूल लागतात, आणि त्याच एका ग्रॅमचे पाणी व ऑक्सिजन यांत विघटन झाले तर सुमारे २.९ किलोजूल बाहेर पडतात. विघटनाला एकदा वेग आला की द्रव आपल्याच उष्णतेने उकळू लागतो, यामागचे गणित हेच. पाण्याचा रेणू असा तुटत नाही. पेरॉक्साइडमधला दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध मात्र पाण्यातील ऑक्सिजन–हायड्रोजन बंधाच्या निम्म्याहूनही कमी बळाचा असतो.

दोघांच्या मिश्रणाचा गोठणबिंदू दोघांपेक्षाही पुष्कळ खाली उतरतो. पेरॉक्साइडचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास असताना तो उणे ५२° से., तर ६१ टक्क्यांच्या आसपास उणे ५६° से.पर्यंत जातो. या दोहोंच्या मध्ये एका पेरॉक्साइड रेणूमागे दोन पाण्याचे रेणू असलेले स्फटिकी संयुग तयार होते. त्यामुळे उद्योगात वापरले जाणारे ५० टक्क्यांचे द्रावण कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण ९० टक्क्यांचे उणे ११° से.च्या सुमारास गोठते.

मिश्रण तापवले की अधिक बाष्पनशील पाणी आधी निघून जाते आणि मागे उरलेले द्रव अधिकाधिक तीव्र होते. शुद्ध पेरॉक्साइड टिकूच शकत नाही असा समज बराच काळ होता. १८९४ मध्ये रिखार्ड वोल्फेनश्टाइन याने कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून ते मिळवले तेव्हा तो मोडला. पाणी आधी निघून जाण्याच्या याच गुणामुळे द्रावण उघड्यावर आटवणे धोक्याचे असते : नेहमीच्या वातावरणीय दाबाला बाष्पात पेरॉक्साइडचे रेणू सुमारे २६ टक्क्यांहून अधिक झाले, तर ते बाष्पच स्फोटक बनते. साठवणीत विघटन पूर्णपणे थांबत नाही. म्हणून त्यात स्थिरीकारक (विघटन मंदावणारी द्रव्ये) घालतात, बाटली गडद रंगाची वापरतात, आणि मोठ्या पिंपांच्या झाकणांना ऑक्सिजन बाहेर पडेल अशी सोय ठेवतात.