नमुनावही (मध्ययुगीन युरोपीय कला)

मध्ययुगीन युरोपातील चित्रकार, शिल्पी, गवंडी आणि हस्तलिखिते रंगवणारे कारागीर हाताशी जो रेखाटनांचा संग्रह बाळगत, त्याला नमुनावही म्हणतात. संतांच्या मुद्रा, वस्त्रांच्या चुण्या, पशुपक्षी, वेलबुट्ट्या, अक्षरांची वळणे, खिडक्यांचे आराखडे असे काहीही तिच्यात असे. मराठीत तिच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द कित्ता. पण कित्ता अक्षर वळणावर येईपर्यंतच गिरवायचा असतो. नमुनावही कारागिराला आयुष्यभर लागे आणि पुष्कळदा त्याच्यामागून दुसऱ्याच्या हाती जाऊन तिच्यात भर पडत राही.

त्या काळी चित्रकाराकडून नवलाईची अपेक्षा नसे. संत पीटरच्या हाती किल्ल्या हव्यात, संत कॅथरिनजवळ चाक हवे. ते नसेल तर भाविक संताला ओळखणार कसा? म्हणून मान्य रूप अचूक उचलण्याला मोल होते. ही रूपे दूरवर पोचवण्याचे एक मोठे साधन म्हणजे नमुनावही. जर्मनीतील वोल्फेनब्युटेल येथे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील नमुन्यांची काही पाने आहेत. त्यांतील आकृत्यांची वस्त्रे सरळसरळ बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यातल्या, वळणाची आहेत. तिकडची चुणी जर्मनीतील सॅक्सनीच्या चित्रकाराच्या बोटांत कशी उतरली, याचा माग अशा पानांवरूनच लागतो. ऑस्ट्रियातील राइन येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठातून आलेल्या त्याच शतकाच्या वहीत वर्णमाला, गुंफणीच्या नक्ष्या आणि प्राणी यांच्याबरोबर निरनिराळे धंदे करणारी माणसेही आहेत. अशा वह्या आज मोजक्याच उरल्या आहेत. त्या कपाटात जपून ठेवायच्या वस्तू नव्हत्या; रंगाच्या हातांनी उलटल्या जात आणि झिजून संपत.

उरलेल्यांत सर्वांत बोलका संग्रह व्हिलार द ऑनकूर याचा. हा उत्तर फ्रान्समधील पिकार्दीचा. त्याची रेखाटने साधारण १२२५ ते १२३५ या काळातली असून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. चर्मपत्राची ३३ पाने उरली आहेत, त्यांवर सुमारे अडीचशे चित्रे. बरीच पाने मध्येच गहाळ झाली आहेत. व्हिलार वाचणाऱ्याला नमस्कार करतो, या वहीच्या आधारे काम करणाऱ्यांनी आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, आपली आठवण ठेवावी अशी विनंती करतो आणि लगेच कामाला लागतो. लाकूड चिरणारे पाणचक्कीचे यंत्र, आपोआप फिरत राहील असे त्याला वाटणारे चाक, कुस्ती खेळणारे गडी, एका डोक्याचे तीन मासे, फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथीड्रलमधल्या (कॅथीड्रल म्हणजे बिशपचे मुख्य चर्च) धर्तीचा चक्रव्यूह, सगळे एकाच वहीत. माणसाच्या नि जनावराच्या अंगावर त्रिकोण, चौकोन, पंचकोन टाकून आकृती झटकन कशी उभी करावी, हे तो दोन-तीन पानांत दाखवतो. गॉथिक, म्हणजे त्या काळच्या उंच, टोकदार कमानींच्या चर्चच्या शैलीत काम करणाऱ्या, कारागिराचा हात कसा चालत असेल, ते इथे सर्वांत जवळून दिसते.

फ्रान्समधील लाँ गावच्या कॅथीड्रलचा मनोरा त्याने काढला आणि शेजारी लिहिले की, आपण पुष्कळ देश हिंडलो, पण असा मनोरा कुठे पाहिला नाही. त्या मनोऱ्याच्या कोपऱ्यांतून डोकावणारे दगडी बैलही त्याने सोडले नाहीत. फ्रान्समधल्याच रॅंसच्या कॅथीड्रलचे काम १२११ मध्ये सुरू झाले होते. तिथली एक खिडकी त्याने हंगेरीला जाण्याच्या वेळी काढली. कारण काय, तर ती त्याला सर्वांत आवडली. दगडाच्या बारीक दांड्यांनी विणलेली ही खिडकी त्या वेळी नवीकोरी कल्पना होती, आणि पुढे सगळ्या गॉथिक वास्तुकलेने ती उचलली. नमुनावहीने गॉथिक शैली कशी पसरवली, असे विचारले तर या एका पानाकडे बोट दाखवावे.

पण वही म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या कॅथीड्रलमधील गोल खिडकी म्हणून व्हिलार जी दाखवतो, ती तिथल्या खऱ्या खिडकीशी जुळत नाही. रॅंसच्या त्याच्या चित्रांतही प्रत्यक्ष इमारतीपेक्षा फरक आहेत. अभ्यासकांनी याला चुका म्हटले, आणि तो खरेच वास्तुकार होता का, हा वाद त्यातूनच वाढला. एकोणिसाव्या शतकात त्याला कॅथीड्रल बांधणारा मोठा वास्तुकार मानत. आता पुष्कळांना ते पटत नाही. मला या फरकांत दोषापेक्षा रीत जास्त दिसते. कारागीर पाहिलेल्या वस्तूचे माप घेत नव्हता, तिची युक्ती घेत होता, आणि ती आपल्या हाताच्या सवयीने पानावर बसवत होता.

त्याचा सिंह पाहिला की हे पटते. सिंह समोरून काढला आहे आणि शेजारी बजावले आहे की, हा जिवंत सिंह पाहून काढलेला आहे, हे नीट ध्यानात घ्या. प्रत्यक्षात तोंड कंपासने आखलेल्या वर्तुळात बसवलेले आहे आणि डोळे चक्क माणसासारखे आहेत. व्हिलार खोटे बोलत होता असे म्हणण्याचे कारण नाही. पाहणे आणि आखणे यांच्यात आज आपण जी रेघ ओढतो, ती त्याच्यासाठी तिथे नव्हती. त्याच पानावर खाली एक साळिंदर आहे. रागावले की काटे सोडते, अशी माहिती तो देतो.

१४०० च्या सुमारास डोळा बदलू लागला. मिलानच्या कॅथीड्रलवर काम केलेल्या जोव्हान्नीनो दे ग्रास्सी याच्या नावाने ओळखली जाणारी वही इटलीत बेर्गामोला आहे. तिच्यातील प्राणी-पक्षी केसापिसांसकट निरखून काढलेले आहेत. त्याच सुमाराचा, बोहेमियातला (आजच्या चेक प्रजासत्ताकातला) मानला जाणारा एक संग्रह व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात इवलीशी ५६ रेखाटने मेपलच्या लाकडाच्या १४ फळ्यांवर चार-चार करून बसवली आहेत. फळ्यांची घडी मिटली की सगळे संत, स्त्रिया, प्राणी आणि एक कवटीसुद्धा चामड्याच्या पेटीत मावते. प्रागपासून पॅरिसपर्यंत त्या काळचे नाजूक चेहरे एकमेकांची भावंडे वाटतात, त्यामागे असा खिशात मावणारा माल पुष्कळ असणार. याच काळात इटलीत चेनीनो चेनीनी याने कारागिरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात पारदर्शक कागद चित्रावर ठेवून रेघ कशी उतरवावी ते सांगितले आहे. एकाच चांगल्या उस्तादाचा माग धरा, रोज दुसऱ्याच्या मागे गेलात तर कुणाचीच धाटणी अंगी लागणार नाही, असा त्याचा सल्ला. पण सर्वांत मोठा गुरू निसर्गच, हेही तो सांगतो.

पंधराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे मिळू लागली, तशी हाताने भरलेल्या वहीची गरज कमी होत गेली. मात्र छपाईच्या उंबरठ्यावरची एक वही आवर्जून सांगण्यासारखी आहे. जर्मनीतील गॉटिंगेनच्या विद्यापीठ ग्रंथालयात सुमारे १४५० ची नमुनावही आहे. अकँथसचे (युरोपीय नक्षीत नेहमी येणाऱ्या कातरी पानांच्या झाडाचे) पान आधी कसे आखायचे, मग कोणता रंग, मग कोणती छाया, उजाळा कुठे द्यायचा, हे ती जर्मन भाषेत पायरीपायरीने सांगते; चौकडीची पार्श्वभूमी भरण्याची रीतही देते. त्याच ग्रंथालयात युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या बायबलची चर्मपत्रावर छापलेली प्रत आहे. तिच्या समासातली रंगीत पाने या वहीत सांगितल्याप्रमाणेच रंगवलेली आहेत. वही आणि ग्रंथ शेजारी ठेवून पाहिले की एक-एक देठ ओळखता येतो.