दिवा विझला, झडप उघडीच

दूरच्या यंत्राची स्थिती चालकाला डोळ्यांनी कशी कळावी, हा प्रश्न निकडीचा झाला तो प्रामुख्याने अणुसंशोधनामुळे. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोएर्ट्झ यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी पदार्थ हाताळणारे यांत्रिक हात तयार केले, तेव्हा चालक आणि पदार्थ यांच्यामध्ये जाड भिंत असली, तरी शिसेयुक्त काचेच्या खिडकीतून काम प्रत्यक्ष दिसत असे. पुढे अंतर वाढले आणि खिडकीची जागा कॅमेरा, काटे व दिवे यांनी घेतली.

१९७० साली चंद्रावर उतरलेली सोव्हिएत ‘लुनोखोद-१’ ही गाडी पृथ्वीवरील पाच जणांचे पथक चालवीत असे. त्यांना सलग दृश्य मिळत नसे. काही सेकंदांनी एकेक स्थिर चित्र येई, शिवाय संदेश चंद्रावर जाऊन परतण्यास अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागे. अशा विलंबात माणूस थोडे हलवतो, थांबतो, परिणाम पाहतो आणि मगच पुढे जातो, हे अमेरिकी संशोधक विल्यम फेरेल यांनी १९६५ सालीच प्रयोगांतून दाखवले होते.

या इतिहासातील सर्वांत बोलका दिवा मात्र पृथ्वीवरचाच आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील दुसऱ्या अणुभट्टीत दाब वाढला, तो कमी करणारी झडप उघडली आणि तशीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील त्या झडपेचा दिवा विझला होता. पण त्याचा खरा अर्थ एवढाच की झडप उघडी ठेवणारा विद्युतप्रवाह थांबला आहे, म्हणजे तिला मिटण्याची आज्ञा गेली आहे. ती मिटली का, हे सांगणारा संवेदक तिच्यावर नव्हता. चालकांनी ती बंद आहे असे मानले, आणि यात त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्या काही मिनिटांत शंभरांहून अधिक इशारे वाजू लागले, उघड्या झडपेतून गळणारे पाणी जेथे साठत होते त्या टाकीचे मापक मुख्य फलकाच्या मागे होते, आणि दाबनियंत्रक टाकीतील पाण्याची पातळी वाढलेली दिसत असल्यामुळे पाणी जास्त झाले, असे समजून भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याचा आपत्कालीन पुरवठा कमी करण्यात आला. गळती थांबण्यास दोन तासांहून अधिक वेळ गेला. भट्टीतील इंधनाच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला.

त्यानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने अशा झडपांची स्थिती थेट दाखवण्याची सक्ती केली. सुरक्षेचे मोजके निर्देशांक एकत्र मांडणारा पडदाही नियंत्रण कक्षांत आणवला.

१९९३ साली कोलंबिया या अमेरिकी अंतराळयानातील जर्मन ‘रोटेक्स’ यंत्रहात पृथ्वीवरूनही चालवला गेला, तेव्हा विलंब पाच ते सात सेकंदांचा होता. म्हणून चालकासमोर यंत्राची पुढची हालचाल संगणकाने आधीच रेखाटलेली असे. तरंगणारी वस्तू त्या हाताने पकडलीही. पडद्यावर या वेळी आज्ञाही नव्हती, झालेली घटनाही नव्हती. होते ते भाकीत.