प्रीपेड वीजमीटर: पैसे कुणाचे वाचतात?

दक्षिण आफ्रिकेतल्या घरोघरच्या प्रीपेड वीजमीटरांसाठी २४ नोव्हेंबर २०२४ ही तारीख तीस वर्षं आधीच ठरून गेली होती. त्या दिवशी मीटरच्या आतली एक मोजणी संपणार होती. मीटर बंद पडणार नव्हता, असलेली शिल्लक वापरता येणार होती. फक्त नवा रिचार्ज त्याला ओळखता येणार नव्हता. त्यामुळे एस्कॉम ही तिथली सरकारी वीज कंपनी आणि नगरपालिका आधीपासूनच लोकांच्या मागे लागल्या होत्या, की आम्ही देतो ते वीस-वीस आकडी दोन क्रमांक मीटरवर दाबा आणि मोकळे व्हा. तारीख तोंडावर आली तरी लाखो मीटर तसेच होते.

ही मोजणी काय होती ते थोडं उलगडून बघण्यासारखं आहे, कारण प्रीपेड मीटरची सगळी हुशारी तिच्यात आहे. या मीटरला इंटरनेट नाही, सिमकार्ड नाही. दुकानात पैसे दिले की एक चिठ्ठी मिळते, तिच्यावर वीस अंक छापलेले असतात. यालाच टोकन म्हणतात. घरी येऊन ते मीटरच्या बटणांवर दाबायचे की युनिट जमा. या वीस अंकांत ६६ बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या ६६ जागांएवढी, माहिती मावते. १६ बिटांत किती युनिट घेतले ते, १६ बिट पडताळणीसाठी, काही बिट टोकनचा प्रकार सांगायला आणि २४ बिट वेळेसाठी. वेळ म्हणजे १ जानेवारी १९९३ पासून किती मिनिटं झाली तो आकडा. हे सगळं त्या एकाच मीटरच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद केलेलं असतं. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्या मीटरवर चालत नाही, आणि वापरलेल्या चिठ्ठीची वेळ मीटरच्या लक्षात राहत असल्याने तीच चिठ्ठी दुसऱ्यांदाही चालत नाही. आता २४ बिटांत जास्तीत जास्त १,६७,७७,२१६ मिनिटं मोजता येतात. वर्षांत सांगायचं तर बत्तीसला थोडी कमी. १९९३ पासून मोजत या, बरोबर २४ नोव्हेंबर २०२४ येते.

बाहेरच्या जगाशी तारेने किंवा लहरींनी काहीही संबंध नसलेल्या पेटीला कागदावरच्या आकड्यांतून पैसे पोचवायचे, तेही फसवणूक होऊ न देता! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं हे काम आजही दाद द्यावी असंच आहे.

दक्षिण आफ्रिकेला याची गरज का पडली? ऐंशीच्या दशकात वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध कृष्णवर्णीय वस्त्यांनी घरभाडं आणि नगरपालिकेची बिलं भरणं बंद केलं होतं. १९९४ नंतरच्या सरकारने लाखो घरांत पहिल्यांदा वीज नेली. त्यातल्या कित्येकांना टपालाचा पत्ता नव्हता, बँकेत खातं नव्हतं. बिल पाठवायचं कुठे आणि वसूल कसं करायचं? प्रीपेड मीटरने हे दोन्ही प्रश्न एका फटक्यात संपवले, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात एक नवाच प्रकार सुरू झाला. घरात मीटर आहे, दिवे चालू आहेत, पण महिनोन्‌महिने त्या मीटरवर एकही टोकन विकलेलं नाही. मीटरच्या बाजूने परस्पर वायर टाकली की झालं. आकडा टाकणाऱ्याला मीटर प्रीपेड आहे की पोस्टपेड याने काय फरक पडतो? थकबाकीवर हे औषध चालतं, चोरीवर नाही.

फायद्यातोट्याचा सगळ्यात चांगला हिशेब केप टाउन शहरातून आला आहे. केल्सी जॅक आणि ग्रँट स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या चार हजारांहून जास्त घरांचा अभ्यास केला. पालिकेने या घरांचे महिन्याच्या बिलावरचे मीटर काढून प्रीपेड बसवले, पण एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. कुठल्या भागाचा नंबर आधी लागणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. त्यामुळे बदललेली आणि अजून न बदललेली घरं शेजारी शेजारी ठेवून तुलना करता आली. उन्हाळा-हिवाळा, दरवाढ, बेकारी या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. निष्कर्ष असा निघाला की विजेचा वापर सुमारे १४ टक्क्यांनी घटला. विक्री घटूनही पालिका फायद्यात राहिली, कारण पैसे वेळेवर आले आणि वसुलीचा खर्च वाचला. सगळ्यात जास्त फरक पडला तो आधी बिलं थकवणाऱ्या घरांत.

हे १४ टक्के म्हणजे प्रीपेडवाल्यांचा हुकमी एक्का. लोक जपून वीज वापरायला लागले, असं म्हटलं जातं. त्यात तथ्य आहेच. महिन्याचं बिल येतं तेव्हा गिझरचे किती आणि इस्त्रीचे किती हे कुणालाच कळत नाही. शिल्लक डोळ्यांसमोर उतरताना दिसली की कळतं. पण वापर दुसऱ्याही कारणाने घटतो. हातात पैसे नसतात म्हणून रात्री दिवा लागत नाही, स्वयंपाक पुन्हा रॉकेलवर जातो. मीटरच्या आकड्यात विनाकारण चालणारा पंखा बंद केला तोही एक युनिट वाचला आणि आजाऱ्याच्या खोलीतला हीटर बंद झाला तोही एकच युनिट वाचला. यातलं पहिलं काटकसर, दुसरं हाल. या १४ टक्क्यांत कुठलं किती, हे युनिट मोजून सांगता येत नाही. मला वाटतं, हा आकडा नुसता ‘बचत’ म्हणून मिरवणाऱ्यांनी इथे जरा थांबायला हवं.

आता आपल्याकडचा हिशेब घेऊ. केंद्राच्या २०२१च्या योजनेने देशभरात २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचं ठरवलं. महाराष्ट्रातल्या निविदांत एका मीटरमागे, पुढची देखभाल धरून, बारा हजार रुपयांच्या आसपास खर्च निघाला. त्यात केंद्राचं मूळ अनुदान १५ टक्के, पण कमाल ९०० रुपये. उरलेले पैसे कंत्राटदाराला पावणेआठ वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायचे. म्हणजे मीटरमागे महिन्याला १२० रुपयांच्या आसपास. समोरच्या पारड्यात काय पडतं ते बघा. हजार रुपये बिल असलेलं घर घेतलं, तर युनिट वापरल्यापासून बिल भरेपर्यंत सरासरी पाचेक आठवडे जातात. त्या उधारीवर दहा टक्के व्याज धरलं तर दहा रुपये होतात. रीडिंग, छपाई, वाटप यांचे आणखी दहा-पंधरा धरून चाला. झाले पंचवीस. उरलेले शंभरेक रुपये थकबाकी आणि गळती कमी होऊनच निघायला हवेत.

आणि उधारी तरी खरी कुठे आहे? महावितरण आपल्याकडून दोन महिन्यांच्या बिलाएवढी सुरक्षा ठेव घेतं. ती धरली तर पोस्टपेड ग्राहकही आगाऊच पैसे भरून बसलेला असतो. प्रीपेडमध्ये ही ठेव लागत नाही, २००३च्या वीज कायद्यातच तशी तरतूद आहे, आणि ग्राहकाच्या दृष्टीने हा खरा, रोख फायदा आहे. पण कंपनीचा मोठा लाभ थकबाकी वसुलीत आहे, आणि महावितरणच्या थकबाकीचा मोठा वाटा शेतीपंपांचा. ते तर या योजनेतून वगळलेले! जिथे घरगुती वसुलीचीच बोंब आहे तिथे प्रीपेडचा खर्च भरून निघू शकतो. नियमित बिल भरणाऱ्या डोंबिवलीच्या किंवा साताऱ्याच्या कुटुंबाच्या बाबतीत तो कसा भरून निघणार, हे कुणी नीट मांडून दाखवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

‘नवा मीटर पळतो’ ही तक्रारही इथेच उरकून घेऊ. जुन्या चकतीच्या मीटरमध्ये घर्षण असतं. भार अगदी कमी असेल तर चकती हलतच नाही, आणि वर्षानुवर्षांच्या झिजेने ती आणखी मंदावते. इलेक्ट्रॉनिक मीटर पाचेक वॅटचा भारही टिपतो. दिवसरात्र चालणारा दहा वॅटचा राउटर महिन्याला सात युनिट खातो. जुन्या मीटरवर तो कदाचित फुकट चालत होता. प्रीपेडमध्ये भर म्हणजे स्थिर आकार वापर असो-नसो रोज वजा होतो, आणि स्लॅब महिनाभराच्या बेरजेवर मोजले तर महिनाअखेरीस तेवढ्याच पैशांत कमी युनिट मिळतात. मीटर नीट असूनही रिचार्ज लवकर संपल्यासारखा वाटतो तो यामुळे. मीटर सदोष असूच शकत नाही असं नाही. शंका आली तर चेक मीटर, म्हणजे पडताळणीसाठी दुसरा मीटर, लावून घ्यावा, तो आपला हक्क आहे.

माझ्या मते प्रीपेडच्या नफ्यातोट्यातली सगळ्यात मोठी रक्कम हिशेबाच्या वहीत येतच नाही. ती शिल्लक शून्य होते त्या क्षणात आहे. पोस्टपेडमध्ये बिल थकलं तर वीज तोडण्याआधी कंपनीला कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. मग लाइनमन दारात येतो, त्याला विनवता येतं, कार्यालयात जाऊन हप्ते पाडून घेता येतात. प्रीपेडमध्ये मीटरमधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, एक टक आवाज करून उघडतो आणि संपलं. केंद्राच्या २०२०च्या ग्राहक हक्क नियमांत तर स्पष्टच लिहिलंय की शिल्लक संपून वीज आपोआप बंद झाली तर ती जोडणी तोडणं मानलं जाणार नाही. म्हणजे घर अंधारात, पण दप्तरी कुणाचीही वीज तोडलेली नाही.

ब्रिटनमध्ये याचं टोक २०२२-२३च्या हिवाळ्यात दिसलं. बिलं थकवणाऱ्यांच्या घरात कोर्टाचं वॉरंट घेऊन, प्रसंगी कुलूप फोडून प्रीपेड मीटर बसवले जात होते, आणि त्यांत अपंग आणि लहान मुलं असलेली घरंही होती. वर्तमानपत्राने हे उघड केल्यावर ऑफजेम या नियामकाने सक्ती थांबवायला लावली आणि नंतर नियम कडक केले. आता घरात दोन वर्षांखालचं मूल असेल किंवा कुणी विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणावर अवलंबून असेल, तर तिथे सक्ती करता येत नाही. रिचार्ज संपल्यावर थोडी उसनी वीज मिळण्याची सोय तिथे आहे. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठा तुटू नये अशीही सोय बहुतेक मीटरांत असते. तंत्राच्या दृष्टीने हे काहीच अवघड नाही, सॉफ्टवेअरमधल्या दोन-चार ओळींचं काम.

महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये, विरोध तापल्यावर, तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचं जाहीर केलं. त्यानंतर जे बसताहेत ते स्मार्टच, पण पोस्टपेड. दक्षिण आफ्रिकेत शिल्लक मीटरच्या पोटात असते. आपला स्मार्ट मीटर फक्त दर अर्ध्या-पाव तासाचं रीडिंग पाठवतो, हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर होतो. म्हणून तोच मीटर पोस्टपेडचा प्रीपेड करायला घरी कुणी यावं लागत नाही. दिवसा स्वस्त वीज, बिनचूक रीडिंग, वीज कुठे गेली ते लगेच कळणं हे सगळे फायदे स्मार्ट मीटरचे आहेत. ते प्रीपेडच्या खात्यावर मांडण्याची चलाखी बरेच दिवस चालली होती.

ज्याला प्रीपेड हवं त्याला ते जरूर मिळावं. वर्षभरासाठी खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा ठेवीचे पैसे अडकवायची ऐपत नसलेल्या नव्या जोडप्याला ते सोयीचंच पडेल. पण ज्या ज्या राज्यांत हे मीटर लागले आहेत तिथे कुठल्या घराची वीज शिल्लक संपल्यामुळे किती वाजता गेली आणि किती तासांनी परत आली, याची मिनिटामिनिटाची नोंद सर्व्हरवर आपोआप होते. थकबाकी किती घटली हे जसं वीज नियामक आयोगापुढे मांडलं जातं, तसे हे तासही आयोगाने दर तिमाहीला कंपन्यांकडून मागवावेत आणि जिल्हावार छापावेत.