गिमवीची गोगलगाय : कोकणातील परजीवी रोगांच्या निदानामागचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. चिपळूणहून गुहागरकडे जाणाऱ्या प्रवाशाला त्या गावाचे काही वेगळेपण जाणवणार नाही; परंतु परजीवीशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक भारतीय शिक्षकाला हे नाव पाठ असते. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या दोन संशोधकांनी असे दाखवून दिले, की या गावातील काही लोकांच्या लघवीतून जे रक्त जाते ते मूतखड्याचे किंवा उन्हाळी लागल्याचे नसून मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या एका कृमीमुळे जाते. त्या कृमीचे नाव शिस्टोसोमा हिमॅटोबियम. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टराने १८५१ साली कैरोमध्ये शवविच्छेदन करताना तो प्रथम पाहिला, म्हणून या रोगाला बिल्हार्झिया असेही म्हणतात. तोपर्यंत हा आजार आफ्रिकेचा आणि पश्चिम आशियाचा मानला जात असे, आणि भारतात तो आढळलाच तर रुग्ण तिकडून आला असावा असे गृहीत धरले जाई.

या समजुतीला आधार होता. या कृमीचे अंडे लघवीवाटे गोड्या पाण्यात पडले की फुटते, त्यातून केसाळ अंगाचे सूक्ष्म पिल्लू बाहेर येते आणि काही तासांत त्याला ठरावीक जातीची गोगलगाय सापडावी लागते. ती सापडली नाही तर ते मरते. सापडली तर गोगलगायीच्या शरीरात त्याची संख्या अनेक पटींनी वाढते, आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या पाण्यात सुटून तिथे उतरलेल्या माणसाच्या अखंड कातडीतून आत शिरतात. पाणी पिण्याची गरज नाही. कपडे धुणे, पोहणे, म्हशीला डुंबायला नेणे एवढे पुरते. आफ्रिकेत ही भूमिका बजावणाऱ्या गोगलगायी आपल्याकडे नाहीत आणि इथल्या नेहमीच्या गोगलगायी या कृमीला थारा देत नाहीत. मग गिमवीत हे चक्र चालले कसे? गाडगीळ आणि शहा यांनी आपला शोध रुग्णांपाशी थांबवला नाही, तर ते पाण्यापर्यंत गेले. तिथे त्यांना फेरिसिया टेन्युइस ही अगदी लहान, काही मिलिमीटरांची गोगलगाय मिळाली. तिचे कवच शंखासारखे वळलेले नसते, तर चिमुकल्या टोपीसारखे असते. पाण्यातील पाने आणि दगड यांना ती इतकी चिकटून बसते, की पाहणाऱ्याला तो चिखलाचा ठिपका वाटावा. १९५५ साली त्यांनी या गोगलगायीला प्रयोगात कृमीची लागण करून दाखवली. भारतात अशी ठाम नोंद झालेले दुसरे गाव सांगता येत नाही, आणि म्हणूनच गिमवीचा उल्लेख आजही होतो.

मला या शोधाचे मोल त्यातील चिकाटीमुळे वाटते. लघवीत रक्त दिसले की औषध देऊन रुग्णाला घरी पाठवणे सोपे होते. तो रोग या मातीत नाही असे पुस्तकच सांगत होते. तरीही लघवीचा गाळ काचेवर घेऊन कोणीतरी पाहिला आणि त्यात टोकाला काटा असलेले अंडे दिसले. शेपटीकडचा तो एक काटा हीच या जातीची खूण आहे.

कोकणात कृमींची ओळख अर्थातच सूक्ष्मदर्शकाबरोबर आलेली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वीस प्रकारचे कृमी सांगितले असून त्यांच्या उपचाराचे तीन टप्पे दिले आहेत : प्रथम अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणे, मग प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना पोषक असलेली शरीरातील स्थिती बदलणे, आणि निदानाचा त्याग. येथे ‘निदान’ या शब्दाचा अर्थ रोगाचे कारण असा आहे. रोग ओळखणे हा आजचा रूढ अर्थ त्याला पुढे चिकटला. परजीवी रोगांत मात्र हे दोन्ही अर्थ जवळजवळ एकच होतात, कारण अंडे ओळखले की कारणही हाती येते. घराघरांत तान्ह्या मुलाला वावडिंगाचे पाणी, मोठ्या मुलांना पळसपापडी आणि वर एरंडेल हा परिपाठ होता, आणि त्यातील एरंडेल हे चरकाच्या पहिल्या टप्प्याचेच काम करत असे.

कोकणच्या बागांतील सुपारीचा या इतिहासातील वाटा मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावते आणि पट्टकृमीला, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताला, बधिर करते. कुत्र्यांच्या आतड्यात राहणारा एकायनोकोकस हा अगदी छोटा पट्टकृमी शेळ्या-मेंढ्या, गुरे आणि माणसे यांच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी निर्माण करतो. या गाठींविरुद्ध न्यूझीलंडमध्ये मोठी मोहीम झाली, तेव्हा तिथल्या कुत्र्यांना अरेकोलीन हायड्रोब्रोमाइड देऊन त्यांच्या पातळ विष्ठेत कृमी शोधले जात. एकाच मात्रेत निदानही होई आणि कृमीही बाहेर पडे. मात्रा थोडी चुकली तरी कुत्रा दगावू शकतो, त्यामुळे हा उपाय आता मागे पडला आहे आणि तो घरी कोणी करू नये.

गुरांकडे वळले की कोकणातील पावसाचा विचार अटळ होतो. अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, भाताच्या खाचरांत महिनोन्‌महिने उभे राहणारे पाणी, ओढ्याकाठचे कोवळे गवत आणि त्यावर चरणारी गुरे ही यकृतातील पर्णकृमीला हवी असलेलीच परिस्थिती आहे. आपल्या म्हशींत आणि गायींत आढळणारा फॅसिओला जायगँटिका पानासारखा चपटा असून पित्तनलिकांत राहतो. त्याच्या मेंढीतील भावंडाचे संपूर्ण जीवनचक्र १८८० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत लॉयकार्टने आणि इंग्लंडमध्ये थॉमसने स्वतंत्रपणे उलगडले. गोगलगायीखेरीज हे चक्र पुरे होत नाही ही गोष्ट तिथेच प्रथम सिद्ध झाली आणि पुढच्या सगळ्या शोधांना, गिमवीच्या शोधालाही, तिचा पाया मिळाला. या कृमीच्या अळ्या कातडीतून शिरत नाहीत. त्या पाण्याकाठच्या गवतावर कवच करून बसतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात.

गुरांच्या दवाखान्यात शेणाची तपासणी कशी होते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. सुपारीएवढे शेण पाण्यात कालवतात, गाळणीतून गाळतात आणि उंच पेल्यात काही मिनिटे स्थिर ठेवतात. पर्णकृमींची अंडी जड असल्याने तळाशी बसतात. वरचे पाणी ओतून पुन्हा स्वच्छ पाणी घालायचे, पुन्हा थांबायचे, असे चारपाच वेळा केल्यावर तळाचा गाळ काचेवर घेतात. त्यात पित्ताने पिवळसर-सोनेरी झालेले अंडे दिसले तर रोग यकृताचा; तेवढ्याच आकाराचे पण बिनरंगी, काचेसारखे अंडे दिसले तर ते पहिल्या पोटात राहणाऱ्या अँफिस्टोम कृमीचे. हा रंगातील फरक नवशिक्याकडून हमखास निसटतो, आणि त्यावर औषध अवलंबून असते. दिवाळीनंतर एका गावात जबड्याखाली पाणी उतरलेली पाडी माझ्यासमोर आणली गेली, तेव्हा तिला दुकानातून आणलेली जंताची गोळी दोनदा देऊन झाली होती. गाळात अंडी सगळी बिनरंगी होती. गोळी ज्या कृमींवर चालते ते कृमी तिच्या पोटात नव्हतेच. अँफिस्टोमवर चालणारे ऑक्सिक्लोझानाइड दिल्यावर ती सावरली.

अर्थात या तपासणीलाही मर्यादा आहे. पावसाळा सरताना अँफिस्टोमची कोवळी पिल्ले लहान आतड्यात घुसून दुर्गंधीयुक्त हगवण लावतात तेव्हा ती अंडी घालण्याच्या वयाची नसतात. जनावर मरणाच्या दारात असते आणि शेणात एकही अंडे मिळत नाही. अशा वेळी पातळ शेण काळ्या ताटलीत धुऊन नुसत्या डोळ्यांनी गुलाबी, मोहरीएवढे कृमी शोधावे लागतात.

माणसाच्या बिल्हार्झियाचे भाऊबंदही गुरांत आहेत. माँटगोमेरीने १९०६ साली भारतीय गुराढोरांतून अशा दोन जाती वर्णिल्या, आणि मद्रासच्या राव यांनी १९३३ साली गायीबैलांच्या नाकातील शिरांत राहणारी शिस्टोसोमा नेझेल ही जात वर्णिली. या रोगात नाकात फुलकोबीसारखी वाढ होऊन बैल घुरघुरतो, धापा टाकतो आणि औताला निकामी होतो. म्हशीत तोच कृमी असूनही लक्षणे सहसा दिसत नाहीत. नाकातील शेंबूड काचेवर घेतला की कोयत्यासारखे वाकडे अंडे दिसते, तर शेणातील शिस्टोसोमा स्पिंडेलचे अंडे सूत कातण्याच्या चातीसारखे लांबट असते. या गुरांच्या कृमींना लागणारी इंडोप्लॅनॉर्बिस ही गोगलगाय भारतभर डबक्यांत आढळते, त्यामुळे गुरांचा रोग देशभर पसरला आणि माणसाचा गिमवीपुरता राहिला. गुरांच्या जातींच्या अळ्या माणसाच्या कातडीतही शिरतात, पण तिथेच मरतात आणि मागे फक्त पायांची खाज ठेवतात. लावणीच्या दिवसांत पायांवर उठणाऱ्या पुरळाकडे पाहताना हे कारणही ध्यानात ठेवायला हवे.

औषधांचा प्रवास माणसांकडून जनावरांकडे आणि जनावरांकडून माणसांकडे असा दोन्ही बाजूंनी झालेला आहे. ख्रिस्टोफरसनने १९१८ साली खार्टूममध्ये बिल्हार्झियाच्या रुग्णांना टार्टार एमेटिक, म्हणजे अँटिमनीचे संयुग, शिरेतून देण्यास सुरुवात केली. अनेक आठवडे इंजेक्शने, उलट्या आणि हृदयाला धोका हे सोसल्यावर रुग्ण बरा होई. अँटिमनीचेच दुसरे संयुग, अँथिओमॅलीन, पुढे आपल्याकडे घुरघुरणाऱ्या बैलांना स्नायूत टोचले जाऊ लागले. उलट दिशेचा पहिला मोठा दाखला मॉरिस हॉल या अमेरिकन पशुवैद्याचा : १९२१ साली त्याने कुत्र्यांवर कार्बन टेट्राक्लोराइड वापरून अंकुशकृमी बाहेर काढले, आणि थोड्याच काळात ते माणसांच्या अंकुशकृमीवरही दिले जाऊ लागले. अल्बेंडाझोल १९७० च्या दशकात जनावरांसाठी आले आणि १९८० च्या दशकात माणसांपर्यंत पोहोचले. जपानमध्ये ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून आणि कॅम्बेल यांच्या प्रयोगांतून आयव्हरमेक्टिन हे कृमिनाशक निघाले, १९८१ साली ते गुराढोरांसाठी बाजारात आले, १९८७ साली माणसांसाठी मान्य झाले, आणि २०१५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. बिल्हार्झियासाठी आज जे प्राझिक्वांटेल देतात त्याची सुरुवातही जनावरांच्या पट्टकृमीपासूनच झाली. शरीराच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम, तोंडाने, बहुधा एकाच दिवशी. अँटिमनीचे दिवस आठवणाऱ्या डॉक्टरांना हा बदल किती मोठा वाटला असेल याची कल्पना करता येते.

औषध नसतानाही रोग हटू शकतो याचे उदाहरण कोकणाच्या उत्तर टोकाशी आहे. मुंबईच्या पायविहिरींतून नारू, म्हणजे माणसाच्या कातडीतून बाहेर येणाऱ्या लांब दोऱ्यासारख्या कृमीचा रोग, पसरत असे. १९१० च्या दशकात परळच्या बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे पुढे १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव मिळालेल्या संस्थेत, लिस्टन आणि तर्खड यांनी विहिरीच्या पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी जिवाचा आणि नारूचा संबंध तपासला. सायक्लॉप्स पोटात गेल्यामुळेच नारू होतो हे तर्खडांनी स्वयंसेवकांवरील प्रयोगाने दाखवले. या कृमीवर आजही औषध नाही. तो काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढणे एवढाच उपाय. तरीही पायऱ्या बंद केल्या, पाणी कापडातून गाळले, विहिरींत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे रसायन टाकले आणि भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. चरकाचा तिसरा टप्पा, म्हणजे कारणाचा त्याग, एकट्याने पुरेसा ठरला.

नमुना केव्हा घ्यायचा हाही निदानाचाच भाग आहे, आणि याबाबतीत दोन कृमींचे वेळापत्रक विलक्षण आहे. बिल्हार्झियाची अंडी लघवीत सर्वाधिक सापडतात ती सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात. हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या बोटाच्या रक्तात मिळतात त्या रात्री दहा ते दोन या वेळात, कारण त्यांना नेणारा डास रात्री चावतो. म्हणून १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमातील कर्मचारी लोकांना झोपेतून उठवून रक्ताचे थेंब घेत आले आहेत. दिवसा घेतलेल्या रक्ताचा ‘दोष नाही’ हा अहवाल विश्वासार्ह नसतो.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना तपासणीशिवाय ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, दोन वर्षांखालील बालकांना त्याच्या निम्मे, दिले जाते. आतड्यातील गोलकृमी आणि अंकुशकृमी यांच्यासाठी ही सरसकट पद्धत मला योग्य वाटते, कारण औषध स्वस्त व सुरक्षित आहे आणि प्रत्येक मुलाचा शौच तपासणे परवडणारे नाही. गोठ्यात मात्र हीच सवय नुकसान करते. शेळ्यांतील हिमाँकस या रक्तपित्या कृमीत अल्बेंडाझोलच्या वर्गाला दाद न देणारे वंश भारतातही आढळले आहेत, आणि दर महिन्याला अंदाजाने पाजलेल्या कमी मात्रेने त्यांना वाव मिळतो.

गिमवीची गोष्टही १९५२ वर संपली नाही. हाफकिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तिथल्या लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे एलायझा चाचणीने तपासली आणि निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध केले. प्रतिपिंडे कृमी मेल्यावरही दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे अशा चाचणीने शरीराची त्या कृमीशी कधीतरी गाठ पडली होती एवढे कळते. आज कृमी जिवंत आहे की नाही, हे अंडेच सांगते. त्यासाठी दुपारच्या लघवीचा गाळ स्वच्छ, क्लोरीन नसलेल्या पाण्यात मिसळून काळ्या कागदाने झाकलेल्या चंबूत ठेवतात आणि केवळ त्याच्या मानेवर उजेड पडू देतात. लघवीच्या खारटपणात बंद राहिलेली अंडी गोड्या पाण्यात फुटतात. थोड्या वेळाने भिंग धरून पाहिले, आणि उजेडाकडे सरळ रेषेत पोहत येणारे पांढरे ठिपके दिसले, तर अंडी जिवंत आहेत आणि रुग्णाला त्याच दिवशी प्राझिक्वांटेल द्यायचे असते.