ट्वीनी: ना वरच्या मजल्याची, ना स्वयंपाकघराची

जुन्या इंग्रजी नाटका-कादंबऱ्यांत 'ट्वीनी' नावाची पोरगी कोळशाची बादली घेऊन येते, एखादं वाक्य बोलते आणि निघून जाते. मराठीत आणताना आपण तिला सरसकट 'मोलकरीण' करून टाकतो. अर्थ चुकत नाही, पण शब्दाची सगळी खोच जाते. 'बिट्वीन मेड', म्हणजे मधली मोलकरीण, हे नाव बोलताना झिजून ट्वीनी झालं. आपल्या 'वरकामाची बाई'त काम कळतं. ट्वीनीत कळते ती जागा, दोन्हीकडून ढकललेली.

व्हिक्टोरियन काळातल्या खात्यापित्या घरात नोकरांचीही उतरंड असे. वर बटलर आणि हाउसकीपर, मग पार्लरमेड, हाउसमेड, किचनमेड. चूल स्वयंपाकिणीच्या ताब्यात, झाडलोट आणि बिछाने हाउसमेडकडे. ट्वीनी दोघींच्या हाताखाली. पहाटे शेगड्यांतली राख काढायची, लोखंडी जाळ्यांना काळं पॉलिश चोळायचं, गरम पाण्याचे जग वर न्यायचे. मग खाली येऊन बटाटे सोलायचे. काम दोघींचं, बोलणीही दोघींची. वय बहुधा चौदा-पंधरा, घरातली ही पहिलीच नोकरी.

पगाराचा अंदाज मिसेस बीटन यांच्या 1861 च्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकावरून येतो. घरातलं पडेल ते काम एकटीने उपसणाऱ्या मोलकरणीला त्यात वर्षाला 9 ते 14 पौंड सांगितले आहेत. वर्षाला, महिन्याला नव्हे!

शब्द मात्र गाजवला तो जे. एम. बॅरी यांच्या 'द ॲडमिरेबल क्रायटन' या नाटकाने. 4 नोव्हेंबर 1902 रोजी ते लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये आलं. त्यात ही मुलगी नक्की कोण, असा प्रश्न निघतो, तेव्हा बटलर क्रायटन गंभीरपणे खुलासा करतो: स्वयंपाकीण टेबलाच्या एका टोकाला ताटं ठेवते, ती दुसऱ्या टोकाला नेऊन पोचवणारी ती हीच, तिथून पुढे ताटांचा ताबा नोकरांचा. एका टेबलाच्या लांबीएवढं तिचं राज्य. नोकरशाहीवर इतकी मार्मिक टीका सरकारी कचेरीवरच्या प्रहसनांतही क्वचितच सापडते.

पुढे पहिलं महायुद्ध आलं, मुली दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. युद्धानंतर त्यांतल्या कित्येकींना पुन्हा कुणाच्या जिन्याखाली राहणं नको होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही नोकरी जवळपास संपलीच आणि शब्द जुन्या पुस्तकांपुरता उरला.

बॅरींच्या नाटकात जहाज बुडतं, धनी आणि नोकर एका निर्जन बेटावर अडकतात, आणि तिथे बटलरच सगळ्यांचा कारभारी होतो. ट्वीनीही त्याच बेटावर असते. इंग्लंडला परतल्यावर घरातला एक तरुण या अनुभवावर पुस्तक लिहितो, सगळा पराक्रम स्वतःच्या नावावर लावून. वर्तमानपत्र कौतुकाने छापतं की दोन्ही नोकरांचा उल्लेख लेखकाने आपुलकीने केला आहे, आणि बटलरची तर तळटीपेत तोंडभरून स्तुती आहे. ट्वीनी त्या 'दोन्ही'त.