पायऱ्या नसलेला मनोरा: सेव्हिलचा हिराल्दा

शंभर मीटरच्या वर उंच मनोरा, लिफ्ट नाही, आणि शेवटच्या थोड्याशा सोडल्या तर पायऱ्याही नाहीत. मग वर जायचं कसं? स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या कॅथेड्रलला लागून हिराल्दा उभा आहे, त्याच्या आत घाटरस्त्यासारखा चढ आहे, चौकोनात वळत वळत वर जाणारा. असे 35 चढ, आणि प्रत्येकाचा नंबर भिंतीवर लावलेला, म्हणजे धापा टाकत 'अजून किती राहिले' ते बघायची सोय.

हा मूळचा मशिदीचा मिनार. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या अल्मोहाद या मुस्लिम घराण्याचा खलिफा अबू याकूब युसूफ याच्या हुकमाने 1184 मध्ये काम सुरू झालं, अहमद इब्न बासो वास्तुकार, आणि 1198 मध्ये टोकावर सोनेरी गोळे चढवून काम संपलं. पायथ्याला चक्क जुन्या रोमन इमारतींचे दगड वापरलेत, काहींवरची लॅटिन अक्षरं अजून दिसतात, आणि त्याच्या वर सगळं विटांचं बांधकाम.

बांग द्यायला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून चढ केला, असं सगळे सांगतात. असेलही, पण मला त्या चढाची खरी कमाल वेगळीच वाटते. हा एक मनोरा नाहीच, मनोऱ्याच्या आत मनोरा आहे. बाहेर चौकोनी भिंत, मध्ये दुसरा चौकोनी गाभा, त्यात एकावर एक सात खोल्या, आणि या दोघांच्या मधल्या जागेत कमानींवर पेललेला चढ. वीट दाबाला दणकट पण ताणाला कच्ची, त्यामुळे भूकंपात मनोरा डुलला की एका बाजूला ताण येऊन भेगा पडायची भीती असते, पण इथे चढाने दोन्ही भिंती तळापासून वरपर्यंत एकमेकींना बांधून ठेवल्यात. बांबूला पेरं नसती तर तो किती सहज चेपला असता, तसंच.

1248 मध्ये ख्रिश्चन राजा फर्नांडो तिसऱ्याने शहर जिंकलं. मशिदीचं चर्च झालं, पुढे ती पाडून कॅथेड्रल बांधलं, मिनार मात्र ठेवला. 1356 च्या भूकंपात गोळे खाली आले, खालचा मनोरा उभाच. 1558 ते 1568 मध्ये वास्तुकार एर्नान रुइझने त्यावर घंटांचे नवे मजले चढवले, आणि 1755 चा लिस्बनचा महाभूकंप या वाढीव वजनासकट पचवला!

घंटा आहेत 24. आता एवढ्या जड घंटा झोके घ्यायला लागल्या की मनोऱ्याला आडवे धक्के बसणारच, म्हणून स्पेनमध्ये घंटेच्या डोक्यावर जड जू बसवायची पद्धत आहे, खाली घंटा वर जू, तोल साधतो आणि अख्खी घंटा गरगर फिरली तरी धक्का कमी बसतो.

टोकावर ब्राँझची बाई, हातात ढालीसारखं निशाण. ही खरं तर वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र, फक्त कोंबडा नाही. निशाणावर वारा जास्त लागतो म्हणून हजार किलोच्या वर वजनाची मूर्ती आसावर वळते. स्पॅनिशमध्ये 'हिरार' म्हणजे फिरणं, त्यावरून आधी हिचं नाव पडलं आणि मग सगळ्या मनोऱ्याचं. आत लोखंडी सांगाडा होता आणि ओलाव्यात ब्राँझला चिकटलेलं लोखंड जास्त लवकर गंजतं, त्यामुळे 1990 च्या दशकाच्या शेवटी तिला खाली उतरवावं लागलं. 2005 मध्ये ती परत वर गेली. तोवर जागा सांभाळणारी तिची हुबेहूब प्रत आता कॅथेड्रलच्या दाराशी उभी आहे, एवढे चढ चढायचे नसतील त्यांनी तिलाच जवळून बघावं.