प्रोसेसरचा वेग नेमका कोण ठरवतो?

जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर सर्वांत कमी वेगावर अडकला की पहिला संशय लिनक्स कर्नेलवर, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यावर, जातो. पण वेगाचा निर्णय कर्नेलच्या एकट्याच्या हातात कधीच नव्हता.

२००० साली इंटेलने लॅपटॉपसाठीच्या मोबाइल पेंटियम थ्रीमध्ये स्पीडस्टेप, म्हणजे वेग बदलण्याची सोय, आणली तेव्हा वेग दोनच होते: एक चार्जरवरचा, एक बॅटरीवरचा. २००३ च्या पेंटियम एममध्ये मधल्या पायऱ्या आल्या. १.६ गिगाहर्ट्झला त्याला १.४८४ व्होल्ट लागत, ६०० मेगाहर्ट्झला ०.९५६ पुरत. विजेचा खप वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून गळती सोडली तर तो सहाव्या हिश्शाच्या आसपास उतरतो. पेंटियम फोरसाठीचे पी४-क्लॉकमॉड हे मॉड्यूल (कर्नेलला जोडायचा तुकडा) मात्र व्होल्टेजला हात न लावता नुसते क्लॉकचे ठोके गाळते. काम रेंगाळते, वीज फारशी वाचत नाही. जुन्या सल्ल्यांत हे मॉड्यूल दिसले तर सोडून द्यावे.

२००३ च्या अखेरीस आलेल्या कर्नेल २.६ मध्ये सीपीयूफ्रेक ही वेग सांभाळणारी यंत्रणा होती आणि प्रत्येक चिपघराण्याला वेगळा ड्रायव्हर. पुढे बरेचसे काम एसीपीआय-सीपीयूफ्रेककडे गेले. हा ड्रायव्हर वेगांची यादी बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमच्या, तक्त्यांतून वाचतो. बायोसमध्ये स्पीडस्टेप किंवा एएमडीचे तसेच कूल-एन-क्वाएट बंद असेल तर यादीच मिळत नाही आणि ड्रायव्हर चढवणारी मॉडप्रोब आज्ञा ‘नो सच डिव्हाइस’ म्हणून थांबते.

बायोस वरची मर्यादाही घालू शकते. चार्जर ओळखला गेला नाही की काही लॅपटॉपांत हेच होते. सीपीयूफ्रेक डिरेक्टरीतील ‘बायोस_लिमिट’चा आकडा ‘सीपीयूइन्फो_मॅक्स_फ्रेक’पेक्षा कमी दिसला तर कर्नेल निर्दोष आहे. ‘प्रोसेसर.इग्नोर_पीपीसी=१’ हा बूट पॅरामीटर ती मर्यादा झुगारतो; पण ती उष्णतेमुळे आलेली असेल तर आधी पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलावी.

सर्वांत फसवा घोळ नावाचा आहे. वेग कधी बदलायचा हे गव्हर्नर नावाचा नियम ठरवतो. कर्नेल २.६.९ पासून ऑनडिमांड गव्हर्नर भारानुसार वेग बदलतो, तर एसीपीआय-सीपीयूफ्रेकवरचा पॉवरसेव्ह कायम तळाचा वेग धरून बसतो. २०१३ मध्ये कर्नेल ३.९ सोबत इंटेल_पीस्टेट हा ड्रायव्हर आला (सुरुवातीला इंटेलच्या सँडी ब्रिज चिपांसाठी), आणि त्यातला पॉवरसेव्ह भार बघून वेग वाढवतो. नव्या मशीनवरची ही सेटिंग जुन्यावर उतरवली की प्रोसेसर ६०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर खिळतो. म्हणून त्याच डिरेक्टरीतला आधी ‘स्केलिंग_ड्रायव्हर’ वाचावा, मग ‘स्केलिंग_गव्हर्नर’. जुन्या ड्रायव्हरवर ऑनडिमांड ठेवावा, किंवा कर्नेल ४.७ किंवा त्यापुढचे असेल तर स्केडयुटिल हा गव्हर्नर.